बैलजोडी, गाय-वासरू, हात : तीन पिढ्यांची निष्ठा आणि एक अडलेला प्रश्न

मार्कंडेयकाठ

१० मे २०२३, विधानसभेचं मतदान. गावच्या मराठी शाळेपासून थोड्या अंतरावर काँग्रेसच्या टेबलावर मी यादी घेऊन बसलो होतो. गेली पंचवीस वर्षं बसतोय. माझा चुलतभाऊ मत देऊन आला, टेबलापाशी थांबला आणि एवढंच म्हणाला, "आज्जा हिंडलग्याच्या तुरुंगात बसला होता. तू हितं बसलायस." आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. आम्ही दोघं एका ताटात जेवून मोठे झालोय.

त्याला उत्तर अजून देता आलेलं नाही. म्हणून हा धागा काढला.

आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या काठावर. भात, मग रताळी, कधी बटाटा. जमीन दोन एकर दहा गुंठे. आज ती आमच्या नावावर आहे, पण १९७४ पर्यंत शहरातल्या एका घराण्याची होती आणि आम्ही कूळ होतो. सुगी झाली की खंडाचं भात आधी गाडीत चढायचं, उरेल ते घरात यायचं. आज्जी सांगायची, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आज्जा खळ्यात उभा असायचा. मग काही न बोलता खळं झाडायला घ्यायचा.

आज्जा मूळचा काँग्रेसचा. १९२४ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत अधिवेशन झालं, तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. अधिवेशनासाठी खोदलेल्या विहिरीचं, आपण आजही जिला काँग्रेस विहीर म्हणतो तिचं, पाणी प्यायल्याचं म्हातारपणीही सांगायचा. १९५२ ला प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. त्यानं चिठ्ठी काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीत टाकली. १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला, १ नोव्हेंबरला आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं, आणि १९५७ ला त्यानं मत महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला दिलं. तुरुंगात गेला तो त्यानंतर. नेहरूंची तसबीर भिंतीवरून काढली, पण फोडली नाही. जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ती अजून तिथंच आहे.

मग काँग्रेसचे देवराज अर्स मुख्यमंत्री म्हणून आले. १ मार्च १९७४ पासून कुळाकडची जमीन सरकारात जमा आणि कसणाऱ्यानं सात नंबरचा फॉर्म भरून ती आपल्या नावावर मागायची, असा कायदा झाला. बाबा मराठी चौथी शिकलेले, फॉर्म कन्नडात. शेजारच्या गावचे एक कन्नड मास्तर होते, काँग्रेसचं काम करायचे. त्यांनी आमच्या सोप्यावर बसून गावातल्या अकरा कुळांचे फॉर्म भरून दिले. चहाशिवाय काही घेतलं नाही. "ही जमीन आम्हीच कसतो" एवढं एक वाक्य कन्नडात बाबांकडून घोकून घेतलं. लँड ट्रिब्युनलपुढं तेव्हा वकील चालत नव्हता. या एका कलमाचं महत्त्व कागदावर वाचून कळत नाही. मालकाकडं शहरातला नामांकित वकील होता, पण त्याला दाराबाहेर बसावं लागलं. आत मालक आणि माझा बाप समोरासमोर उभे राहिले. बाबांनी ते वाक्य म्हटलं.

जमीन नावावर झाल्याचा दहा नंबरचा दाखला हातात आला तेव्हा आज्जा नव्हता.

१९७८ ला हात ही खूण पहिल्यांदा आली, तेव्हापासून बाबांचं मत ठरलेलं. त्याआधी एकदा गाय-वासरू. मला त्यांनी कधी सांगितलं नाही कुणाला मत दे म्हणून. पण नवं भात घरात आलं की पहिला भात शिजवायच्या आधी पत्र्याच्या पेटीतला तो दाखला काढून देवापुढं ठेवायचे. मी त्यातून काय शिकायचं ते शिकलो.

ही निष्ठा नुसती वारशानं आली असंही नाही. २००५ चा माहितीचा अधिकार मी स्वतः वापरलाय, आमच्या बंधाऱ्याच्या कामाची बिलं मागवली होती. त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या कायद्यावर आमच्या वाड्यातल्या बायका तळ्याचा गाळ काढायला गेल्या आणि पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात मजुरी बघितली. २६ डिसेंबर २०२४ च्या रात्री मनमोहन सिंग गेल्याची बातमी आली. शहरभर अधिवेशनाच्या शंभरीची रोषणाई होती, दुसऱ्या दिवशीच्या सभेला आम्ही गावातून गाडी ठरवली होती. ती रद्द झाली. खरं सांगतो, त्या रात्री घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

आता अडलेला प्रश्न. फेब्रुवारी २०२४ ला पाट्यांवर साठ टक्के कन्नड सक्तीचं झालं, माझ्याच पक्षाच्या सरकारात. जमिनीचा उतारा कन्नडात, नोटीस कन्नडात. ज्या दाखल्याला आम्ही हळदकुंकू वाहिलं तो माझ्या आईला एक अक्षर वाचता आला नाही. गावातल्या एका बैठकीत पंचविशीतल्या एका पोरानं उठून विचारलं, मराठीत कागदपत्रं कधी मिळणार? त्याचा हात धरून खाली बसवणारा मी होतो. "आत्ता नको," म्हणालो. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

जमीन दिली म्हणून भाषेवर गप्प बसायचं, हा सौदा कधी ठरला? आणि ठरला असेल तर तो माझ्या वतीनं कुणी केला?

सायकलफेरी

मार्कंडेयकाठ, मी जन्मापासून समितीचा. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत वडिलांच्या दांडीवर बसून गेलोय, आता माझा मुलगा स्वतःची सायकल घेऊन येतो. तरीही तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

एक गोष्ट मात्र मांडायलाच हवी. गरिबाची बाजू म्हणजे काँग्रेस आणि भाषेची बाजू म्हणजे समिती, अशी वाटणी तुमच्या लिखाणात दिसते. आमच्या घरात ती कधीच नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशी होते, डांगे होते, शेकाप होता. इथल्या समितीतही समाजवादी, शेकापवाले, कम्युनिस्ट एका सतरंजीवर बसायचे. कुळाचा प्रश्न आणि मराठीचा प्रश्न एकाच भाषणात यायचा. ती सतरंजी पुढं फाटत गेली, त्यात आमच्या लोकांचीही चूक आहे. गट पडले, एका जागेवर दोन-दोन उमेदवार उभे राहिले. २०१८ ला विधानसभेत समितीचा एकही माणूस उरला नाही. २०२१ ला महापालिकेत भाजपनं ५८ पैकी ३५ जागा घेतल्या, त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी जेवलं नाही.

निष्ठेबद्दल म्हणाल तर मला चिंतामणराव देशमुख आठवतात. नेहरूंचे अर्थमंत्री होते. १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. देशमुखांना पद होतं, ते सोडता आलं. तुम्हा टेबलावर बसणाऱ्यांना सोडायलाही काही नसतं, म्हणून तुमचं बोलणंच जास्त मोलाचं. त्या पोराला तुम्ही खाली बसवलंत, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

चंदगडी

मी शिनोळीच्या पलीकडचा, म्हणजे आता महाराष्ट्रातला. आता म्हणतोय, कारण १९५६ पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत आम्ही कोल्हापूरला गेलो, तुम्ही म्हैसूरला.

मार्कंडेयकाठदादा, तुमच्या जमिनीच्या गोष्टीत सतरा वर्षं राहिलीत. मुंबई राज्याच्या कूळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ मालक झालं असं धरायचं आणि किंमत हप्त्यानं फेडायची. ती दुरुस्ती झाली तेव्हा तुम्ही-आम्ही एकाच राज्यात होतो, दोघांनाही तोच कायदा. पण १९५७ उजाडेपर्यंत रेघ पडली होती. आमच्याकडं तो अमलात आला. तुमच्याकडं म्हैसूर सरकारनं ती कलमं थांबवली आणि सगळ्या राज्याला एक कायदा करायचा म्हणून जत्तींची समिती नेमली. तो कायदा १९६१ चा, लागू व्हायला १९६५ उजाडलं, आणि कुळाच्या हातात खरं काही पडलं ते तुम्ही म्हणता तसं १९७४ नंतर.

माझ्या आज्जाला जमीन १९५७ च्या हिशेबानं मिळाली. तुमचा आज्जा वाट बघत गेला. मधी अंतर किती, तर सकाळी निघालेला माणूस चालत दुपारच्या जेवणाला पोचेल एवढं. आणि दोन्हीकडं सरकार बैलजोडीचंच होतं, हेही लिहून ठेवतो.

मार्कंडेयकाठ

चंदगडी, हे वाचून उठलो आणि मळ्यात जाऊन आलो. आज्जाची बहीण तुमच्या बाजूला दिलेली होती. ती माहेरी आली की "आमचं शेत, आमचं शेत" म्हणायची आणि आज्जी तोंड फिरवायची. मला ते आजपर्यंत नणंद-भावजयीचं वाटत होतं.

निपाणीची

मी निपाणीकडची. मार्कंडेयकाठकाका, तुमच्या घरात तो पक्ष दाखला होऊन आला, आमच्या घरात बंदूक होऊन आला. एप्रिल १९८१. तंबाखूला भाव मागत शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते, शरद जोशी आले होते, रस्त्यावरच चुली मांडलेल्या त्या जागेला लोकांनी आंदोलननगर नाव दिलं होतं. गोळीबार झाला, शेतकरी मेले. राज्यात गुंडूराव, दिल्लीत इंदिरा गांधी, दोन्हीकडं हात.

माझी आज्जी वखारीत तंबाखू चाळायची. शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता आणि चाळणारणीला मजुरी मिळत नव्हती. दोघांच्या मधला माणूस मात्र माडीवर माडी चढवत होता. आज्जी म्हणायची, गोळी झाडली त्या दिवशी आमच्या वखारीला कुलूप होतं, पण धूळ डोळ्यातनं गेली नाही.

तरीही आईनं पुढं हातालाच मत दिलं, आणि मी तिला यावरून खूप बोललेय. ती म्हणायची, "घरातल्यानं मारलं तर घर सोडून कुठं जाऊ, शेजारी तरी कोण बरा हाय?" मला हे उत्तर तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. बाईनं हे वाक्य नवऱ्याबद्दल म्हटलं तर आपण तिला समजावतो ना? मग पक्षाबद्दल म्हटलं की त्याला निष्ठा का म्हणायचं?

शहापूर_माग

तारखांची सरमिसळ होऊ नये म्हणून. इथं बरेचदा १ जून १९८६ चा गोळीबार काँग्रेसच्या खात्यावर टाकला जातो. कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपली माणसं गेली, हिंडलग्याला स्मारक आहे, दरवर्षी आपण जातो. पण तेव्हा राज्यात सरकार जनता पक्षाचं, रामकृष्ण हेगडेंचं होतं. आमच्या घरचे समाजवादी. मागावर काम करता करता लोहियांवर वाद घालणारी माणसं. हेगडे आपले म्हणून १९८३ ला वडिलांनी साखर वाटली होती. तीन वर्षांनी वडिलांनी जनता पक्षाचं काम सोडलं आणि परत कुठल्याच पक्षाची पावती फाडली नाही.

आणि मार्कंडेयकाठ, तुम्हाला एक विचारायचंय. ज्या अर्सांनी जमीन दिली त्यांचं १९७९ ला इंदिरा गांधींशी फाटलं आणि ते वेगळे झाले. १९८२ ला गेले ते पक्षाबाहेरच. तुमच्या बाबांची निष्ठा अर्सांशी होती का हाताशी?

मार्कंडेयकाठ

शहापूर_माग, हा प्रश्न मी बाबांना एकदा विचारला होता. त्यांचं उत्तर होतं, "मास्तरांशी."

मला ते तेव्हा टाळल्यासारखं वाटलं. आता उलगडतंय. बाबांना अर्स कधी दिसले नाहीत, इंदिराबाई एकदा लांबून दिसल्या. दिसला तो दुसऱ्या भाषेचा, दुसऱ्या जातीचा एक मास्तर, जो पावसात चिखल तुडवत आला आणि अकरा घरांचे फॉर्म भरून गेला. बाबांसाठी पक्ष म्हणजे तो माणूस. आमच्या भागात कन्नड आणि मराठी म्हटलं की दगड आणि काठ्याच आठवतात. आमच्या घराला आधी तो मास्तर आठवतो. ही आठवण मी सोडणार नाही, चुलतभाऊ काहीही म्हणो.

निपाणीची, तुझ्या आईच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. फक्त माझं सांगतो. शेजारी कोण बरा, हे मीही दरवेळी बघतो. २०२० ला जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी झाली. तेव्हा भाजपचं सरकार होतं आणि विरोधात उभा राहिला तो हाच पक्ष. आमच्या बाजूला बायपाससाठी, लेआउटसाठी जमिनी जाताना मी बघतोय. हलगा-मच्छेचे शेतकरी किती वर्षं भांडताहेत ते तुम्ही सगळे जाणता. कसेल त्याची जमीन हे तत्त्व ज्याच्या तोंडात निदान अजून आहे, तिथंच बसून मी ते तत्त्व मागू शकतो. पण चंदगडींनी सांगितलेली सतरा वर्षं आता मला डोक्यातून काढता येणार नाहीत. उपकार म्हणून पंचवीस वर्षं जे फेडत बसलो, त्यातलं निम्मं आमचं थकलेलं देणंच होतं.

सायकलफेरी

बघा की, हेच तर आम्ही सांगत होतो. हक्काचं उशिरा मिळालं की ते मेहेरबानीसारखं दिसतं.

सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचंही तसंच. १९६६ ला सेनापती बापट उपोषणाला बसले म्हणून आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला, बेळगाव शहर आहे तिथंच. महाराष्ट्रानं तो नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तोवर तीन पिढ्यांना "न्यायालयात आहे, थांबा" एवढंच ऐकायला मिळतंय. तुमच्या कुळाच्या सतरा वर्षांहून हे थांबणं लांबलंय.

अनगोळची_पोरगी

मी २००१ ची. इथल्या सगळ्यांपेक्षा लहान, म्हणून आधी नमस्कार.

तुमच्या सगळ्यांच्या निष्ठेला एक तारीख आहे. १९५६, १९७४, १९८१, १९८६. मला तशी तारीख नाही. माझ्या आईच्या खात्यावर गृहलक्ष्मीचे २००० रुपये येतात. ती त्यातून माझ्या धाकट्या भावाच्या क्लासची फी भरते. बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाल्यापासून ती दर महिन्याला मावशीला भेटायला खानापूरला जाते, पूर्वी वर्षातून दोनदा जायची. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, ती ते पर्समध्ये जपून ठेवते. तिला कुणी "फुकटे" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आयुष्यभर घरात राबलेल्या बाईनं पहिल्यांदा कुणाला न विचारता प्रवास केला, ही छोटी गोष्ट नाही.

तरीही तिचं मत त्या पक्षाला बांधलेलं आहे असं तिला वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. काम केलं, मत दिलं. पुढच्या वेळी पुढचं बघू. काका, तुमच्या सात नंबरच्या फॉर्मसारखं आयुष्य बदलणारं काही आमच्या वाट्याला आलं असतं तर कदाचित आम्हीही तशा बांधल्या गेलो असतो.

भाषेचं म्हणाल तर मी मराठी शाळेत शिकले, कन्नड नोकरीसाठी शिकले आणि आता मला ती आवडते. ऑफिसातल्या मैत्रिणीशी कन्नडात भांडते सुद्धा. पण आज्जीच्या नावची नोटीस आली, ती वाचून दाखवायला मी घरी नव्हते आणि मुदत निघून गेली, तेव्हा मला रडू आलं. मराठी वाचणाऱ्या म्हातारीला मराठीत कागद द्या, यात कन्नडचा काय अपमान आहे? ज्या पोराला तुम्ही बसवलंत त्यानं एवढंच विचारलं होतं. त्याच्या जागी मी असते तर परत त्या बैठकीला आले नसते. तो आला का?

मार्कंडेयकाठ

नाही आला.

बाळ, तू विचारलंस म्हणून काल त्याच्या घरी गेलो. तो मच्छेच्या कारखान्यात शिफ्टवर होता, त्याची आई भेटली. तिला सांगितलं की पुढच्या बैठकीत तो प्रश्न मीच विचारणार आहे आणि त्यानं शेजारी बसावं एवढीच इच्छा आहे. निरोप देते म्हणाली. येईल का सांगता येत नाही. मी अर्ज लिहायला घेतलाय : उतारा, नोटीस आणि योजनांचे फॉर्म कन्नडाबरोबर मराठीतही मिळावेत. मराठीत लिहून झाला, कन्नड प्रत मास्तरांच्या मुलाकडून करून घेणार आहे. त्यानं लगेच हो म्हटलं.

टेबलावर पुढच्या वेळी बसेन का? बहुतेक बसेन. पण बसायच्या आधी हा अर्ज गावात वाचून दाखवेन, चुलतभावाच्या दारात सुद्धा.

चंदगडी, एक विनंती. तुमच्या आज्जाचा दाखला अजून घरी असेल तर बघायला मिळेल का? फोटो नको, मी येतो. माझा दहा नंबरचा बरोबर आणतो.

चंदगडी

आहे की. ३२-म चा, मराठीत, घडीवर थोडा फाटलाय. रविवारी या. शिनोळीच्या स्टॉपवर उतरा, मी गाडी घेऊन उभा राहतो. जेवायलाच या, आणि येताना चुलतभावालाही घेऊन या.